स्टोनहेंजचा काळ आणि कुदळीची साक्ष

दगडाचे वय आणि बांधकामाचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दगड कोट्यवधी वर्षांचा असतो. माणसाने तो केव्हा उभा केला, हे तो सांगत नाही. इंग्लंडमधील स्टोनहेंज या शिलावर्तुळाबाबत ही अडचण पंडितांच्या चांगलीच पथ्यावर पडली. ज्याने त्याने बांधकामाचे श्रेय आपल्या पसंतीच्या थोरांना बहाल केले. बाराव्या शतकात ते जादूगार मर्लिनला मिळाले. इनिगो जोन्सच्या १६५५ साली छापलेल्या ग्रंथाने ते रोमनांना दिले, तर १७४० मध्ये विल्यम स्टकलीने ड्रुइड पुरोहितांना. (आपल्याकडे नाशिकच्या बौद्ध लेण्यांना 'पांडवलेणी' हे नाव चिकटलेच आहे, दात्यांचे लेख भिंतीवर कोरलेले असूनही!) १९५६ साली, तेथे स्वतः उत्खनन केलेल्या रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनाही वाटले की, यामागे ग्रीसमधील मायसिनी संस्कृतीशी परिचित असा कुणी स्थपती असावा.

हा वाद निकालात काढला तो कुदळींनी. भोवतीचा वर्तुळाकार चर खणणाऱ्यांनी हरणाच्या शिंगांच्या कुदळी वापरल्या आणि तळाशीच टाकून दिल्या. जिवंत प्राणी अन्नावाटे कर्ब-१४ घेत असतो. ही भर थांबली की असलेला साठा दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. उरलेला मोजून काळ काढायची ही रीत विलार्ड लिबी यांनी १९४९ मध्ये सिद्ध केली.

पण मोजायचे काय, यावर सारे अवलंबून. त्याच चराच्या तळाशी ठेवलेली गुरांची हाडे कुदळींहून काही पिढ्या जुनी निघाली. कुणीतरी ती जपून ठेवली होती. कोळसा जुन्या झाडाच्या गाभ्याचा असेल तर तोही फसवतो. कुदळ कोण जपणार? ती मोडेपर्यंत वापरायची नि फेकायची. म्हणून तिची साक्ष पक्की.

पुढे झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून पाहिल्यावर हे काळ आणखी मागे गेले. चर इ.स.पू. ३०००च्या सुमाराचा, मोठ्या शिळा इ.स.पू. २५००च्या आसपासच्या ठरल्या. मायसिनीचे वैभव त्यानंतर सुमारे ९०० वर्षांनी आले! पूर्वेकडून आलेल्या कुणी युरोपच्या या अडाणी टोकाला शहाणे केले, ही मांडणीच त्यामुळे कोसळली. कॉलिन रेन्फ्रू यांनी १९७३ मध्ये ते विस्ताराने दाखवून दिले. सरासरी २० टनांहून जड शिळा सुमारे २५ किलोमीटरवरून ओढून आणणारे आणि सुताराने चौकट जोडावी तशा खाचेत खुंटी बसवून त्या जोडणारे लोक तेथलेच शेतकरी-पशुपालक होते.

मोठ्या शिळांचा काळ मात्र चराइतका नेमका लागलेला नाही. त्यांच्या खड्ड्यांतून हाती आलेल्या कुदळी थोड्याच आहेत.