पहिलं ऐकणारं माणूस

अत्याचार झालेली बाई किंवा मुलगी सहसा आधी पोलीस चौकीत जात नाही. ती बहिणीला सांगते, शेजारणीला सांगते, नाहीतर संडासच्या रांगेत रोज भेटणाऱ्या एखाद्या काकूंना. पुष्कळदा सांगतही नाही, नुसती त्यांच्या दारात येऊन बसते. त्या काकू पहिल्या पाच मिनिटांत काय बोलतात, यावर पुढचं बरंच काही ठरतं. मुंबईतल्या वस्त्यांमधल्या कार्यकर्त्या या पाच मिनिटांवर एवढा जोर का देतात, ते मला गोवंडीतल्या एका बैठकीत बसल्यावर उमगलं.

बैठक दुपारची. पाणी भरून झालेलं, मुलं शाळेत. लहानशा खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या बायका. काहींच्या मांडीवर खोट्या दागिन्यांचं काम, बोटं मणी ओवताहेत आणि कान इकडे. बैठक घेणाऱ्या कार्यकर्त्या ताईंनी सरावासाठी एकीला ‘मुलगी’ केलं, दुसरीला ‘शेजारीण’. मुलगी मान खाली घालून एवढंच म्हणाली, “काकू, काल रात्री त्यानं मला...” शेजारणीच्या तोंडून लगेच निघालं, “एवढ्या रात्री तिकडे गेलीसच कशाला?” ताईंनी हात वर केला. पुन्हा सुरुवात. “मग ओरडली का नाहीस?” पुन्हा हात वर. तिसऱ्या वेळी शेजारीण आधी गप्पच बसली. मग म्हणाली, “बस इथं. मी आहे. आत्ता तुला काय पाहिजे?”

“हां, असं,” ताई म्हणाल्या.

ओरडली का नाहीस, हा प्रश्न गल्लीत जन्मलेला नाही. मथुरा या आदिवासी मुलीवर 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही आरोपी पोलिसांना सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं झटापट केल्याच्या खुणा नव्हत्या, हे त्यामागचं एक मोठं कारण. त्या निकालाविरुद्ध देशभरातल्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पण भीतीनं अंग जागच्या जागी थिजतं, घशातून आवाज फुटत नाही, हे अजूनही एकेका गल्लीत बसून समजावून सांगावं लागतं. ताई ते न कंटाळता सांगतात.

मग हाताशी ठेवायच्या गोष्टींचा धडा. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवायचे. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते. तपासणीआधी शक्यतो आंघोळ नको, पण केली असली तरी दवाखान्यात जायचंच. एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. रुग्णालय पुराव्यासाठी कपडे ठेवून घेतं, म्हणून ताईंच्या कपाटात धुतलेले सलवार-कुर्ते कायम तयार असतात. मी ते हातात घेऊन पाहिले. साधे, सुती, पुढून बटणांचे, कारण हात दुखावलेला असला की डोक्यावरून कपडा चढवणं फार जड जातं.

एफआयआर नसला तरी रुग्णालयात जाता येतं, हे बैठकीतल्या निम्म्याअधिक बायकांना नवीन होतं. सरकारी असो की खासगी, रुग्णालयानं लगेच आणि मोफत उपचार द्यायचे, ही कायद्यानं बांधलेली गोष्ट आहे. तपासणीच्या प्रत्येक भागाला बाई वेगळा होकार किंवा नकार देऊ शकते. केंद्राच्या 2014च्या मार्गदर्शक सूचनांनी दोन बोटांची अपमानास्पद चाचणी मोडीत काढली. ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये बजावलं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. आपल्यावर बेतलेलं रुग्णालयातच बोलता येईल, अशी जागा बायकांना तेव्हा मिळाली. वस्तीतल्या ताईंना अशा केंद्रातल्या समुपदेशकाचा मोठा आधार असतो. केस पेपर काढायच्या खिडकीवर मोठ्यानं “काय झालं?” विचारलं गेलं, तर सोबतच्या बाईनं काय उत्तर द्यायचं, याचीही त्या तालीम करून घेतात.

सगळ्यात अवघड भाग मुलींचा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलीवरचा अत्याचार कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ताई मुलीला हे सुरुवातीलाच सांगतात. काही मुली तिथंच थांबतात आणि उठून जातात. विश्वासानं सगळं ऐकून घ्यायचं आणि मग पाठीमागे पोलिसांना कळवायचं, हे ताईंना पटत नाही. मलाही पटत नाही. पण उठून गेलेल्या मुलीचं काय, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

अत्याचार होऊच नये म्हणूनही काम चालतं. संडासच्या वाटेवरचा बंद दिवा, आतून न लागणारी कडी, अंधाराचा बोळ, अशी यादी करून बायका वॉर्ड ऑफिसात खेटे घालतात. मुलग्यांचे वेगळे गट बसतात. हे सगळं लागतंच, पण ओळखीचाच माणूस घरात शिरतो तेव्हा दिव्याचा उपयोग नसतो, हेही त्या जाणून आहेत.

खरी कसोटी खटल्यात लागते. घटना दोन दिवसांत वस्तीभर होते आणि साक्षीची तारीख वर्षांनी येते. तोवर आरोपीचे नातेवाईक त्याच नळावर भेटत राहतात, मिटवून टाका म्हणतात. मुलांच्या खटल्यात सोबतीला सहायक व्यक्ती देण्याची सोय पॉक्सोच्या 2020च्या नियमांत आहे. मोठ्या बाईच्या बाबतीत ती जागा वस्तीतल्या बायकाच भरून काढतात. एक तिच्या लेकराला सांभाळते, एक तिच्याबरोबर कोर्टात जाते, एक संध्याकाळी नुसती घरी येऊन बसते. तारीख पुढे ढकलली की हेच सगळं पुन्हा. राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून पीडितेला अर्थसाहाय्य मिळू शकतं, पण तिच्याबरोबर कोर्टाच्या बाकावर दिवस काढणाऱ्या शेजारणीचा रोज बुडतो, तो बुडतोच. तिला निदान प्रवासखर्च आणि त्या दिवसाची मजुरी मिळायला हवी, आणि ती विधी सेवा प्राधिकरणानं द्यावी, असं मला ठामपणे वाटतं.