पावसाळ्यात गारठलेले इंजिन

जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना त्या दिवसांत मोटारसायकल सांभाळणे किती कठीण असते हे सांगावयास नको. खानापूर तालुक्यातील शिक्षक, दूधवाले, पोस्टमन आषाढ-श्रावणात दोन-तीन किलोमीटर जातात, थांबतात, पुन्हा निघतात. गाडी गारठू नये म्हणून कित्येकजण इंजिनाभोवती गोणपाट गुंडाळतात. हेतू चांगलाच, परंतु खरा शत्रू बाहेरच्या गारव्यापेक्षा आतल्या पाण्यात दडलेला असतो.

एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. नवल वाटेल, पण पेट्रोलमधील हायड्रोजन प्राणवायूशी संयोग पावला की दुसरे काय होणार? सकाळी गाडी सुरू करताच सायलेन्सरच्या तोंडातून टपकणारे थेंब पावसाचे नव्हेत, बहुधा याच पाण्याचे होत. बरीचशी वाफ बाहेर जाते. थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलापर्यंत उतरते. ऑइल तापलेले असेल तर ती उडून जाते. गार असेल तर तिचे पाणी होऊन ऑइलात मिसळते आणि ऑइल ताकासारखे पांढुरके दिसू लागते. चोक फार वेळ ओढून ठेवला तर न जळलेले पेट्रोलही त्यात उतरते. अशा पातळ, पाणचट ऑइलावर बेअरिंगांनी किती दिवस तग धरावा?

मोटारीच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट असतो. इंजिन तापेपर्यंत तो पाण्याची वाट अडवून धरतो. जुन्या फोक्सवागन बीटलचे इंजिन हवेनेच थंड होई, तरी तिच्यातही हवा कमी-अधिक करण्याची सोय होती. बुलेट काय नि स्प्लेंडर काय, त्यांना असा द्वारपाल नाही.

तेव्हा उपाय चालवणाऱ्यानेच करावयाचा. गाडी सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबावे आणि मग संथपणे निघावे. दहा मिनिटे जागेवर चालू ठेवल्याने ऑइल फारसे तापत नाही. जोराने रेस देणे तर त्याहून वाईट. जुन्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा व पिस्टन ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून गार असताना दोहोंत फट अधिक राहते. ती खडखड त्याचीच. चोक असेल तर शक्य तितक्या लवकर बंद करावा. (२०२० नंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांना तो नाहीच.) आणि आठवड्यातून एक-दोनदा तरी सलग वीस-पंचवीस किलोमीटरची फेरी मारावी. बाजार बेळगावास करावयाचाच असेल, तर एस.टी. सोडून गाडीच न्यावी! जुन्या येझदी-राजदूतांची गोष्ट निराळी. त्यांत ऑइल पेट्रोलबरोबरच जळते. तेथे गारठ्याचा त्रास प्लग काळा पडण्यातून दिसतो.

गोणपाटाचे काय? आपल्या पावसाळ्यात त्याची गरज नाही. ग्वाल्हेरकरांनी जानेवारीच्या धुक्यात सिलिंडरच्या खालच्या भागासमोर पत्र्याचा लहानसा आडोसा लावला तर चालेल. सिलिंडर-हेड मात्र उघडेच हवे, कारण सर्वाधिक उष्णता तेथेच असते. चोर्ल्यासारखा घाट चढताना झाकलेले इंजिन उलट जाम होण्याचीच भीती.

ऑइल भरण्याचे झाकण आठवड्यातून एकदा उघडून आतली बाजू पाहावी. तेथे पांढरी साय दिसली तर आधी एक लांब फेरी मारावी. तरीही ती राहिली, तर ठरलेल्या किलोमीटरांची वाट न पाहता गरम इंजिनातूनच ऑइल काढून नवे भरावे.