पडद्यावरची पोथी

समजा, दिवेआगरात एक बैठक आहे. विषय : 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने सुपारीच्या वाड्यांचं काय केलं. शाळेचा वर्ग, दुपारची वेळ, खिडक्या सताड उघड्या. पडद्यावर मथळा येतो, ‘निसर्ग चक्रीवादळ : परिणाम’. त्याखाली अकरा ओळी, प्रत्येकीपुढे काळा ठिपका. वक्ता पडद्याकडे तोंड करून पहिली ओळ वाचायला लागतो. तो तिसरीवर पोचेपर्यंत समोरच्यांची अकरावी वाचून झालेली असते आणि मागच्या बाकावर मोबाइल निघालेले असतात.

‘पीपीटी’ कंटाळवाणी झाली की एक ठरलेला सल्ला मिळतो : एका स्लाइडवर सातच ओळी, ओळीत सातच शब्द. या साताला शास्त्राचा आधार आहे असं छातीठोकपणे सांगितलं जातं आणि जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या 1956 च्या निबंधाकडे बोट दाखवलं जातं. मिलरचा सात मात्र अल्पकाळ मनात धरून ठेवायच्या गोष्टींविषयी होता. पडद्यावरची ओळ तर समोरच असते, ती लक्षात ठेवायची गरजच नाही. अकरा ओळींच्या सात केल्या तरी वक्त्याला नेमकं काय म्हणायचंय, हा प्रश्न उरतोच.

कारण ‘परिणाम’ हे फक्त प्रकरणाचं नाव झालं, त्यात विधान काहीच नाही. त्या जागी ‘पडलेल्या सुपारीचं उत्पन्न पुन्हा हाती यायला पाच ते सात वर्षं’ असं पूर्ण वाक्य मथळ्यात टाकावं आणि खाली आडव्या झालेल्या वाडीचा एकच मोठा फोटो. नवं रोप फळाला यायला साधारण तेवढी वर्षं लागतात, हे बागायतदाराला ठाऊक असतं. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला नसतं. विधान वर, पुरावा खाली, ही रीत अमेरिकेत मायकेल ॲली यांनी अभियंत्यांसाठी लावून धरली. मथळा दोन ओळींचा झाला तरी बिघडत नाही.

मथळ्याने घात केल्याचं गाजलेलं उदाहरण अंतराळातलं आहे. 16 जानेवारी 2003 ला कोलंबिया यान उडालं, तेव्हा फोमचा एक तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज स्लाइडवर मांडला. मथळ्यातून सूर निघत होता, काळजीचं फारसं कारण नाही. तळाशी, बारीक अक्षरांत मात्र खरी गोष्ट होती : आदळलेला तुकडा अंदाजे 1920 घनइंचांचा, आणि चाचण्या झालेल्या 3 घनइंचांच्या तुकड्यावर. म्हणजे 640 पट फरक! 1 फेब्रुवारीला परतताना यान फुटलं; कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने या स्लाइडवर अहवालात वेगळी टीका केली. त्या स्लाइडची चिरफाड करणारे माहिती-मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांचा राग सॉफ्टवेअरवरही होता. तो थोडा जास्तच वाटतो. 640 हा आकडा मथळ्यात लिहायला सॉफ्टवेअरने कुणाला अडवलं नव्हतं.

दुसरा समज : पडद्यावरचं मोठ्याने वाचलं की दुहेरी ठसा उमटतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे प्रयोग उलट सांगतात. चित्र, त्याचं बोलून केलेलं वर्णन आणि वर तेच शब्द लिहिलेले, असं तिन्ही एकदम आलं की समज वाढण्याऐवजी घटते. अनोळखी संज्ञा लिहून दाखवायला मात्र हरकत नाही. दिवेआगरचा शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा ताम्रपट दाखवताना त्याचं सगळं वाचन पडद्यावर ओतू नये. आधी अख्खा पत्रा, मग फक्त शकाची ओळ मोठी करून. एका स्लाइडच्या दोन झाल्या, तरी वेळ तेवढाच जातो.

आता आपल्या लिपीचं दुखणं. स्लाइडचे बहुतेक साचे रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेले असतात. तिथे दोन ओळींतलं अंतर कमी चालतं. देवनागरीत वर वेलांट्या-रफार आणि खाली उकार. वरच्या ओळीची सुरुवात ‘सुपारी’ने आणि खालच्या ओळीची ‘श्रीवर्धन’ने झाली, की ‘सु’चा उकार ‘श्री’च्या वेलांटीवर जाऊन बसतो. अक्षरांमधली जागा वाढवून मथळा ‘स्टायलिश’ करायला जावं, तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात.

‘मराठी फॉन्ट धड नाहीत’ ही तक्रारही आता जुनी झाली. विंडोजमधला ‘मंगल’ सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ फुकट मिळतो. युनिकोडमध्ये टाइप केलं तर दुसऱ्या लॅपटॉपवर ‘सुपारी’च्या जागी रोमन अक्षरांचा खच पडत नाही. जुन्या पद्धतीच्या फॉन्टचं नेमकं तेच होतं, आणि तेही कार्यक्रम सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी. सोबत पीडीएफ ठेवलेली बरी.

राहिला रंग. हवामान खातं इशारा देताना हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंग वापरतं, पण नकाशात रंगाचा अर्थ शब्दांतही लिहिलेला असतो. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक प्रत्येक गावात असतात, त्यामुळे आलेखातही रेषेशेजारीच तिचं नाव लिहावं. आणि घरच्या लॅपटॉपवर खुललेली निळ्यावरची जांभळी अक्षरं उघड्या खिडक्यांच्या वर्गात पार पुसून जातात. तिथे पांढऱ्यावर काळं, आणि शक्यतो कार्यक्रमाच्याच वेळेला आदल्या दिवशी शेवटच्या बाकावर बसून एकदा पाहिलेलं.