‘विघटनशील’ पिशवीचे मातीत आणि पाण्यात काय होते?



फुले, नारळ व नैवेद्य घेऊन येणाऱ्या अनेक भाविकांच्या हाती ‘जैवविघटनशील’ असा शिक्का असलेली पिशवी असते. प्लास्टिक टाळावे, हा त्यामागील हेतू स्तुत्यच आहे. परंतु अशी पिशवी आपोआप मातीत मिसळते, या समजुतीने ती निर्माल्यासह तळीत, नदीत किंवा झाडाच्या बुंध्याशी टाकली जाते. ही समजूत कितपत खरी आहे, हे थोडक्यात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

साधी पिशवी पॉलिथिनची असते. हा पदार्थ कार्बन अणूंच्या अतिशय लांब साखळ्यांनी बनलेला असून त्या तोडण्याची क्षमता बहुतेक सूक्ष्मजीवांपाशी नाही. उन्हाने पिशवी ठिसूळ होते व तिचे तुकडे पडतात. पण तुकडा कितीही बारीक झाला तरी तो प्लास्टिकच राहतो.

‘विघटनशील’ म्हणविल्या जाणाऱ्या पिशव्या मुख्यत्वे दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारास ‘ऑक्सो-विघटनशील’ म्हणतात. यात पॉलिथिनमध्येच लोह, मँगनीज किंवा कोबाल्ट या धातूंचे क्षार मिसळलेले असतात. ऊन व उष्णता लागताच अशी पिशवी लवकर फुटते; मात्र फुटणे म्हणजे कुजणे नव्हे. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशान्वये जुलै २०२१ पासून अशा प्लास्टिकच्या वस्तू बाजारात आणण्यास बंदी घातली आहे.

दुसरा प्रकार कंपोस्टेबल, म्हणजे खत होऊ शकणाऱ्या पिशव्यांचा. स्टार्च, पॉलिलॅक्टिक आम्ल, पीबीएटी इत्यादी पदार्थांपासून त्या बनतात. ओलावा व उष्णतेमुळे प्रथम त्यांच्या साखळ्या तुटतात. नंतर सूक्ष्मजीव त्या लहान रेणूंचे अन्न करतात आणि अखेरीस कार्बन डायऑक्साइड, पाणी व थोडा जैवभार उरतो. हेच खरे विघटन होय. परंतु त्याची परीक्षा सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानात घेतली जाते आणि १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचे रूपांतर व्हावे, अशी अपेक्षा असते. इतकी उष्णता मोठ्या, सुव्यवस्थित खतप्रकल्पात सतत टिकते. घरच्या कुंडीत किंवा तळीच्या पाण्यात ती मिळत नाही. कचरा डेपोत खोल गाडलेल्या पिशवीस प्राणवायूही पुरेसा लाभत नाही.

इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी विविध पिशव्या तीन वर्षे उघड्या हवेत, मातीत व समुद्रात ठेवून पाहिल्या. २०१९ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘जैवविघटनशील’ पिशवी तीन वर्षे माती व समुद्रात राहूनही बाजारहाटाचे ओझे पेलू शकली. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली. पण मातीत ती २७ महिन्यांनंतरही शिल्लक होती, फक्त वजन पेलण्याइतकी बळकट राहिली नव्हती. म्हणजे पिशवी कशाची आहे याइतकेच ती कोठे पडते, हेही महत्त्वाचे आहे.

आपल्या देशात कंपोस्टेबल पिशवीने आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाची पूर्तता करावी लागते व उत्पादकास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. खरेदी करताना नुसता हिरवा रंग किंवा पानाचे चित्र न पाहता हा उल्लेख पाहावा. तथापि प्रमाणित पिशवीही योग्य खतप्रकल्पात पोहोचली तरच तिचे सार्थक होते. वाटेत टाकलेली, अन्नाचा वास लागलेली पिशवी कोणत्याही प्रकारची असो, गुरे ती गिळतात व त्यांच्या जिवावर बेतते.

फुले, पाने व दूर्वा यांचे उत्तम खत होते. पिशवी सोबत आली की तेच खत दूषित होते. म्हणून निर्माल्य पिशवीतून काढूनच कलशात घालावे, पिशवी परत न्यावी आणि शक्यतो परडी किंवा धुऊन पुन्हा वापरता येणारी कापडी पिशवीच आणावी, ही सर्व भाविकांस आमची नम्र विनंती.