बोटं दुखली, तरी मोर उमटेल

चेन्नईच्या अण्णा नगरात ब्लाउजवरच्या आरीकामाची हौस मोठी. पण आरी असो की सुई, धरायची चिमटीतच. चिमटीत 1 किलोचा जोर लावला, की अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर सुमारे 12 पट भार पडतो. तो सांधा झिजला असेल, तर मशीन कामी येतं.

कोणतं मशीन? साध्या शिलाई मशीनवर कापड सरकवणारे दाते खाली करून भरतकाम जमतं, पण रिंग हातानेच फिरवावी लागते. संगणकीय मशीन रिंग स्वतः फिरवतं आणि मिनिटाला कित्येक शे टाके घालतं.

हाताला उरलेलं काम : रिंगचा स्क्रू आवळणं, दोरा ओवणं, टोकं कापणं. त्यावर उपाय चुंबकी फ्रेम, सुईत दोरा ओवणारी मशीनवरची सोय आणि स्प्रिंगची कात्री.

रेशमासाठी : कांजीवरमचं कापड रिंगमध्ये आवळलं, की वळ उठतात. रिंगमध्ये फक्त चिकट बॅकिंग (कापडाखालचं अस्तर) ताणा, कापड वरून चिकटवा. 11 नंबरची सुई, वर रेयॉनचा दोरा, बॉबिनमध्ये बारीक दोरा.

मजा कुठे? रंग आणि टाक्यांची दिशा तुमचीच. पैठणीच्या मोराची मान आडव्या टाक्यांत, पिसारा तिरक्या टाक्यांत भरा. एकाच निळ्या दोऱ्याच्या दोन छटा दिसतील.

डॉक्टर कधी? रात्री बोटांना मुंग्या येत असतील, बोट वाकून अडकत असेल किंवा पकड सुटत असेल, तर नवं मशीन घेण्याआधी हात दाखवून घ्या.