हरणीची वही

माझी कुत्री हरणी व्याली त्या रात्री मी आखाड्यावरच होतो. सहा पिल्लं झाली. उजाडल्यावर वहीत लिहिलं: तीन नर, तीन माद्या, दोन तांबडी, चार बदामी, आई हरणी, बाप शिरूर ताजबंदचा मोत्या. वडिलांनी जन्मभर कारवानी कुत्री पाळली, पण एक अक्षर लिहून ठेवलं नाही. सगळं तोंडपाठ होतं. ते गेले आणि कुत्र्यांच्या चार पिढ्यांची नावंही गेली. त्या वर्षी मी वही घातली.

आमच्या चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर इकडे आलेली म्हणून ती कारवानी, असं जुनी माणसं सांगतात. कानाला, शेपटीला रेशमासारखे केस असले की पश्मी. कर्नाटकात मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, म्हणून तिकडे तिला मुधोळ म्हणतात. नर खांद्यापाशी ६८ ते ७२ सेंटिमीटर उंच. छाती खोल, पोट पाठीला टेकल्यासारखं. नवखा माणूस म्हणतो, उपाशी ठेवलंय का? उपाशी नाही हो, ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून पोटभर खातं. बांधाच त्याचा तसा. शिकार वासावर नाही, नजरेवर धरतं. परक्यानं पाठीवर हात ठेवलेला खपत नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार बंद झाली. योग्यच झालं. पण कुत्र्याचं पिढीजात काम सुटलं आणि उरली नुसती पळण्याची हौस. शर्यतीसाठी लोक ग्रेहाउंडचा संकर करायला लागले. असं एक पिल्लू माझ्याकडेही होतं. वाऱ्यासारखं पळायचं, पण वैशाखात सकाळी दहालाच सावली धरायचं. आमच्या मातीतलं कुत्रं त्याच उन्हात मेंढरांमागे फिरतं.

मुलगा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. त्यानं एकदा जपानच्या अकिता कुत्र्याची हकिकत सांगितली आणि मला झोप लागली नाही. धन्याची वाट बघत शिबुया स्टेशनवर जवळजवळ दहा वर्षं येणारा हाचिको अकिताच. त्याचे धनी उएनो शेतीशास्त्राचे प्राध्यापक होते. या जातीतही झुंजींसाठी परदेशी कुत्र्यांचं रक्त मिसळलं गेलं होतं. मग ओदाते गावाच्या नगराध्यक्षांनी १९२७ मध्ये जात जपायला संस्था काढली आणि १९३१ मध्ये सरकारनं अकिताला राष्ट्राचा नैसर्गिक ठेवा ठरवलं. महायुद्धात अन्न तुटलं, कातड्यासाठी कुत्री मारली जाऊ लागली. त्या दिवसांत मोरिए सावाताइशी नावाच्या इंजिनिअरनं डोंगरातल्या बर्फाळ गावात अकिताचं पिल्लू लपवून वाढवलं. स्वतःच्या घरात खायची मारामार असताना! त्याच्या बायकोला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. माझ्या घरीही दुष्काळात यावरून बोलाचाली झाली आहे.

आपल्याकडेही थोडं झालंय. २००५ मध्ये टपाल तिकिटावर मुधोळ आलं, पुढे सैन्यानंही पिल्लं नेली. पण लालकंधारी वळू घेताना त्याचं घराणं विचारणारा आमचा शेतकरी कुत्र्याच्या आईबापाची चौकशी करत नाही. इथंच जात निसटते.

मार्गशीर्षात मी हरणीला माळेगावच्या यात्रेत नेतो. लोहा तालुक्यातल्या या यात्रेत घोड्यांसोबत कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. खंडोबाच्या घोड्यापाशी कुत्रं असतंच, त्यामुळे भंडारा लावायला कुणी नको म्हणत नाही. गेल्या खेपेला हदगावकडचा एक मेंढपाळ आला. सोबत नेलेल्या तांबड्या मादी पिल्लाचे पाय, दात, पाठ बघितली आणि म्हणाला, "मामा, हिची आजी कोण?"

मी वही उघडली. हरणीची आई चंद्री, चंद्रीची आई तांबडी. त्याच्या पुढचं पान कोरं होतं. ते त्यानं बघितलं, काही बोलला नाही. मी तिन्ही नावं कागदावर उतरवून दिली. त्यानं कागद पटक्याच्या घडीत खोचला आणि पिल्लू घोंगडीत घेतलं.