स्विमिंग पुलाच्या काठावरचं पाणी

लोणावळ्याच्या बंगल्यांत पूल बांधताना आतल्या टाइल्सच्या निळ्या छटेवर महिनाभर खल चालतो. काठाच्या काँक्रीटवर पडलेलं पाणी कुठे जाणार, हा प्रश्न मात्र जूनमध्ये उपटतो. तोवर काँक्रीट घट्ट झालेलं असतं. दुकानात माणसं आधी ड्रेनची जाळी पसंत करतात. खरं तर ती सगळ्यात शेवटी ठरवायची.

आधी हिशेब. लोणावळ्यात पावसाळ्यात सरासरी चार हजार मिमीच्या आसपास पाऊस होतो, पण ड्रेनला वर्षाचा आकडा चालत नाही, तासाचा लागतो. मोठ्या सरीला ताशी १०० मिमी धरा. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ६० चौरस मीटर काठावर तासाला ६,००० लिटर, मिनिटाला १०० लिटर. घराची पन्हळ याच काठावर सुटत असेल तर छपराचं क्षेत्रफळही मिळवा. हे हमखास राहून जातं. १:१०० ढाळाचा ७५ मिमी पाईप एवढं पाणी कागदावर नेतो. तरी ११० मिमीचाच टाका, कारण पाईपमधून नुसतं पाणी जात नाही. पानं, माती आणि केसही जातात.

ढाळ पुलापासून बाहेरच्या बाजूला, मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर. पावसाचं पाणी पुलात शिरलं की माती जाते आणि क्लोरीनचं गणित बिघडतं. तीन मीटर रुंद काठाला सहा सेंटिमीटरपर्यंत उतार पडतो, तेव्हा तो घराच्या जोत्याशी आधीच जुळवून घ्या. पलीकडे घराची भिंत असेल तर ड्रेनचा चॅनल भिंतीच्या अलीकडे हवा, नाहीतर पाणी थेट दारात. ओव्हरफ्लो पुलाची स्वतःची पन्हळ असते आणि तिचं पाणी बॅलन्सिंग टँकमधून फिरून पुलात येतं. काठाचा ड्रेन तिला कधीही जोडू नका.

मधोमध एक गोल जाळी बसवली तर चारी बाजूंनी ढाळ काढावा लागतो, आणि तो सफाईने काढणारे गवंडी थोडे. लांब चॅनलला एकाच दिशेचा ढाळ पुरतो. अरुंद फटीचा स्लॉट ड्रेन देखणा दिसतो, पण वर आंब्याचं झाड असेल तर त्याच्या नादी लागू नये. जाळीची फट आठ मिमीपेक्षा मोठी नको, अनवाणी पोरांची बोटं अडकतात. लोखंडी जाळी गंजून फरशीवर डाग पाडते. स्टेनलेस घ्यायची तर ३१६ ग्रेडची, कारण क्लोरीनपुढे ३०४ वर डाग उमटतात.

बसवताना सुरुवात पाणी जिथे सोडायचं त्या टोकाकडून करा. जांभ्यात किंवा मुरमात शोषखड्डा चालतो, काळ्या मातीत नाही. सेप्टिक टँकमध्ये तर मुळीच सोडू नका. मग गाळाचं चेंबर, आणि तिथून वर चढत लाइनदोरी व लेव्हल पाईप लावून चॅनलचे तुकडे जोडायचे. चॅनलच्या खाली आणि दोन्ही बाजूंना किमान १०० मिमी काँक्रीट हवं. ओतताना जाळी जागेवरच ठेवायची, वरून चिकटपट्टी मारून. ती काढून ठेवली तर ओल्या काँक्रीटच्या दाबाने चॅनलच्या भिंती आत येतात आणि नंतर जाळी बसत नाही. जाळीचा माथा तयार पृष्ठभागापेक्षा दोन-तीन मिमी खाली राहू द्या; वर राहिला तर पाणी कडेलाच अडतं आणि पायाला ठेच लागते ती वेगळीच. पुलाच्या कोपिंगलगतचा दहा-बारा मिमीचा सांधा सिमेंटने बुजवू देऊ नका. त्यात फोमची दोरी आणि वरून पॉलिसल्फाइड सीलंट.

पाईप झाकण्याआधी त्यात पाणी भरून सांधे तपासा. काँक्रीट पक्कं झालं की काठावर होजने पाणी सोडा आणि अर्ध्या तासाने पाहा. डबकं दिसलं तर मिस्त्री त्यावर पातळ सिमेंटचा हात फिरवायला निघेल. फिरवू देऊ नका. तो थर पुढच्या उन्हाळ्यात पापुद्र्यांनी सुटतो. तेवढा भाग टाचून, बाँडिंग कोट मारून नव्याने भरून घ्या.